पेरोनीचा आजार: वाक किती आहे यापेक्षा तो थांबला आहे का?

आपले पत्र वाचले. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातील मजकूर आधी थोडक्यात मांडतो, कारण असेच पत्र लिहावे असे मनात असूनही न लिहिणारे पुष्कळ वाचक असतात. आपले वय 54 आहे आणि मधुमेहाला नऊ वर्षे झाली आहेत. पाच महिन्यांपूर्वी ताठरता आली की शिश्नात दुखू लागले, नंतर वरच्या बाजूला कडक पट्टीसारखे काहीतरी हाताला लागले, आणि आता ताठरतेच्या वेळी शिश्न वर आणि किंचित डावीकडे वळते. आपण आधी एका ‘गुप्तरोग’ दवाखान्यात जाऊन महागडे तेल आणले, नंतर एका डॉक्टरांनी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, आणि अलीकडे शहरातील एका केंद्राने शॉकवेव्हच्या, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याच्या उपचाराच्या, बारा बैठकांचा दर सांगितला आहे. पत्नीला आपण काहीही सांगितलेले नाही. हा कर्करोग आहे का, तरुणपणातील सवयीमुळे हे झाले का, लगेच शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे का, आणि रोजची सायकल बंद करावी का, असे आपले प्रश्न आहेत. ‘आता जगण्यात राम उरला नाही’ असेही एक वाक्य आपण मध्येच लिहून गेला आहात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. या आजाराच्या रुग्णांमध्ये नैराश्य किती असते, हे अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाहिले गेले. तपासलेल्यांपैकी 48 टक्के पुरुषांमध्ये दखल घ्यावी इतके नैराश्य आढळले, आणि काळ लोटला म्हणून ते आपोआप ओसरलेही नव्हते. म्हणजे आपल्याला जे वाटते आहे तो मनाचा दुबळेपणा नाही, तो या दुखण्याचाच एक भाग आहे आणि त्यावरही उपचार असतो. मरणाचे विचार येत असतील तर मूत्ररोगतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि तिथे आजाराचे नावही सांगावे लागत नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. आपण वर्णन केलेले दुखणे पेरोनीच्या आजाराचे आहे असे मानण्यास भरपूर आधार आहे, आणि हा कर्करोग नाही, पुढे त्याचा कर्करोग होतही नाही. कातडीवर न भरणारी जखम, रक्तस्राव किंवा वाढत जाणारा कोंब असता तर मी वेगळे बोललो असतो. हा संसर्गाचा रोग नाही, पत्नीला होणार नाही आणि कोणाकडून आलेलाही नाही. हस्तमैथुनाच्या सवयीची शिक्षा म्हणून इंद्रिय वाकडे झाले, अशी समजूत घेऊन येणारे रुग्ण मला वर्षानुवर्षे भेटत आले आहेत. साठीचे गृहस्थ सोळाव्या वर्षीच्या अपराधाची कबुली देतात, तेव्हा भिंतींवरच्या आणि लोकलच्या डब्यांतल्या जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्या किती भीती पेरली आहे ते कळते. त्या सवयीचा या आजाराशी संबंध नाही.

मग संबंध कशाशी आहे? शिश्नाच्या आत रक्ताने फुगणाऱ्या दोन नळकांड्या असतात आणि त्यांच्याभोवती ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे चिवट पांढरे आवरण असते. ताठरतेच्या वेळी हे आवरण सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते आणि म्हणून शिश्न सरळ उभे राहते. शरीरसंबंधाच्या वेळी शिश्न थोडे दुमडले, तर या आवरणाच्या थरांमध्ये अतिसूक्ष्म इजा होते. बहुतेकांना ती कळतही नाही, आणि बहुतेकांमध्ये ती भरूनही येते. काही जणांमध्ये मात्र भरून येण्याची क्रिया थांबायच्या जागी थांबत नाही आणि तिथे कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन साठत जाऊन घट्ट वण तयार होतो, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. सायकलच्या ट्यूबला एका बाजूला ठिगळ लावून हवा भरली की ट्यूब ठिगळाच्या बाजूला वळते, कारण तेवढाच भाग ताणला जात नाही. आपल्याकडे वण वरच्या बाजूला आहे, म्हणून वाकही वर आहे. वण भोवताली पसरला असेल तर मध्येच कंबरेसारखी खाच पडते, आणि एकंदर लांबीही कमी झाल्यासारखी वाटते. ती खरोखरच कमी होते, हा भास नसतो.

इजा सर्वांनाच होते आणि वण थोड्यांनाच पडतो, याचे कारण प्रकृतीत आहे. आपण जाता जाता लिहिले आहे की उजव्या हाताची करंगळी काही वर्षांपासून पूर्ण उघडत नाही आणि तळव्यात दोरीसारखे काहीतरी लागते. ही नोंद फार मोलाची आहे. तळहातातील त्या दुखण्याला ड्युपुट्रेनचा आजार म्हणतात, आणि तो व पेरोनी हे एकाच स्वभावाचे दोन आजार आहेत. दोन्हींत वण गरजेपेक्षा जास्त धरतो. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब आणि वाढते वय यांची भर पडते. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये या आजाराचे प्रमाण वेगवेगळे आले आहे. जर्मनीतील कोलोन शहरात 2001 साली ते 3.2 टक्के आढळले, तर प्रोस्टेटच्या तपासणीसाठी आलेल्या अमेरिकी पुरुषांमध्ये 2004 साली 8.9 टक्के. अगदी लहान आकडा धरला तरी आपल्या गावाच्या बाजारपेठेत आपल्यासारखे किती जण रोज समोरून जात असतील, याचा हिशेब करून पाहावा.

आजाराला नाव मिळाले ते फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा जिगो द ला पेरोनी यांच्यावरून. त्यांनी 1743 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, गाठींना जपमाळेच्या मण्यांची उपमा दिली, आणि उपाय म्हणून फ्रान्समधील बारेज येथील गरम झऱ्याच्या पाण्याची शिफारस केली. झऱ्याच्या पाण्याने वण विरघळत नाही हे आज आपल्याला माहीत आहे, पण काही रुग्णांना त्या पाण्याने ‘गुण आला’ असे खुद्द पेरोनींना का वाटले असावे, हे पुढे लक्षात येईल.

आता मुख्य गोष्ट. रुग्ण पहिल्याच भेटीत वाक किती आहे आणि तो कधी जाईल हे विचारतो, आणि डॉक्टरला आधी जाणून घ्यायचे असते ते हे की वाक अजून बदलतो आहे की थांबला आहे. या आजाराला दोन अवस्था असतात. पहिली चालती अवस्था साधारणपणे सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत राहते. तिच्यात दुखते, गाठ बदलते आणि वाक वाढत किंवा फिरत राहतो. दुसरी स्थिर अवस्था. तिच्यात दुखणे संपलेले असते आणि निदान तीन महिने वाकात फरक पडलेला नसतो. उपचार न घेतलेल्या 246 पुरुषांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुखणे बहुतेकांचे, म्हणजे 89 टक्क्यांचे, आपोआप थांबले. वाक मात्र 12 टक्क्यांमध्ये सुधारला, 40 टक्क्यांमध्ये तसाच राहिला आणि 48 टक्क्यांमध्ये वाढला. हे आकडे दोन्हीकडून वाचावे लागतात. ‘आपोआप जाईल’ म्हणून निर्धास्त बसणारा आणि ‘आता वाढतच जाणार’ म्हणून हातपाय गाळणारा, असे दोघेही चुकतात. आपण पाचव्या महिन्यात आहात, दुखते आहे, म्हणजे आपण पहिल्या अवस्थेत आहात. आज शस्त्रक्रिया करून सरळ केलेले शिश्न पुढच्या सहा महिन्यांत वण वाढून पुन्हा वाकू शकते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीइतकी सोपी नसते. म्हणून ‘लगेच शस्त्रक्रिया करावी का’ या प्रश्नाला माझे उत्तर ठाम नकाराचे आहे, आणि जो कोणी या टप्प्यावर तारीख देऊ करील त्याच्याकडून आपण परत यावे.

बदल होतो आहे की नाही हे आठवणीवरून ठरवता येत नाही. घाबरलेल्या माणसाला आरशात वाक रोज वाढलेला दिसतो. म्हणून मोजणी करा, पण महिन्यातून एकदाच. पूर्ण ताठरता असताना मोबाइलने तीन फोटो घ्या: वरून, बाजूने आणि समोरून. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक फोटोच्या प्रतीवर ठेवला की अंश मोजता येतात. सैल अवस्थेत शिश्न हलकेच ताणून, पट्टी वरच्या बाजूने जांघेच्या हाडाला टेकवून, लांबीचीही नोंद करा. तारखेसह चार-पाच नोंदी असलेली अशी वही घेऊन येणारा रुग्ण डॉक्टरचा अर्धा गोंधळ दूर करतो. हे फोटो फोनच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा आणि डॉक्टरांना समोरासमोर दाखवा. ‘फोटो पाठवा, घरबसल्या औषध मिळवा’ म्हणणाऱ्या अनोळखी क्रमांकांवर ते कधीही पाठवू नका, कारण त्यातून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात.

आपण आजवर जे घेतले त्याबद्दल. तेल कातडीच्या आत, त्या पांढऱ्या आवरणापर्यंत पोहोचत नाही, आणि जोर लावून मालीश केल्याने उलट नवी इजा होते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर आपल्या देशात 1954 च्या ‘औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमा’ने बंदी आहे, म्हणजे ज्या पाटीवर भरवसा ठेवून आपण आत गेलात ती पाटीच बहुधा कायद्याबाहेरची होती. मी आपल्याला दोष देत नाही. ज्या विषयावर घरात, मित्रांत आणि अनेकदा डॉक्टरांच्या खोलीतही कोणी तोंड उघडत नाही, तिथे उघडपणे बोलणारी एकच गोष्ट भिंतीवरची पाटी असते. ई जीवनसत्त्वाचा प्रयोग अनेक दशके झाला आणि फायदा दिसला नाही. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा ई जीवनसत्त्व, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-3 आणि प्रोकार्बझीन ही औषधे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले. पेंटॉक्सिफायलीन आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. त्याचा पुरावा तोकडा आहे, मात्र वाजवी मुदतीसाठी दिले तर मी त्याला हरकत घेत नाही. शॉकवेव्हबद्दल त्याच सूचनांचा निष्कर्ष असा की तिने दुखणे कमी होऊ शकते, वाक कमी होत नाही. ज्या दुखण्याला बहुधा आपोआप थांबायचेच आहे त्यासाठी बारा बैठकांचे पैसे मोजायचे की नाही, हे आपण ठरवावे. स्टेम सेल आणि रक्तातील प्लेटलेटची इंजेक्शने हे अजून संशोधनाचे विषय आहेत, त्यांची पॅकेजे विकत घेऊ नयेत.

मग या सात-आठ महिन्यांत काय करायचे? दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतात, पण मधुमेहात मूत्रपिंडांवर त्यांचा ताण पडतो, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहूनच आणि थोडे दिवस घ्याव्यात. साखर आटोक्यात आणणे हा इथे उपदेश नाही, तो उपचार आहे; पुढे कोणतीही शस्त्रक्रिया लागली तर जखम भरणे आणि जंतुसंसर्ग टळणे एचबीए1सीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर, अवलंबून राहील. ताठरता कमी पडत असेल तर रोज टाडालाफिलची लहान मात्रा देतात. त्याने वण विरघळत नाही, पण अर्धवट ताठरतेत शिश्न दुमडण्याचा धोका कमी होतो. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांनी ही गोळी कधीही घेऊ नये, रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. याशिवाय ताण देणारे ट्रॅक्शन साधन आहे. जुनी साधने दिवसाला कित्येक तास लावावी लागत आणि लोक महिन्याभरात कंटाळून ती कपाटात टाकत. नव्या प्रकारचे साधन रोज अर्धा ते दीड तास वापरून तीन महिन्यांत वाकात आणि लांबीत माफक सुधारणा झाल्याचे 2019 च्या एका नियंत्रित अभ्यासात दिसले. चिकाटी असेल त्यालाच मी हे सुचवतो. मधुमेहामुळे तिथली संवेदना मंद झाली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते लावू नये, कातडीला इजा झालेली कळत नाही.

वाक स्थिरावल्यावर, तो 30 अंशांच्या वर आणि 90 च्या आत असेल आणि ताठरता चांगली असेल, तर वणात इंजेक्शन देण्याचा विचार होतो. वणातील कोलॅजेन तोडणाऱ्या कोलॅजिनेज या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2013 मध्ये मान्यता मिळाली. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर ती मान्यता आधारलेली होती त्यांत 832 पुरुष होते. औषध मिळालेल्यांचा वाक सरासरी 34 टक्क्यांनी कमी झाला. पण औषध नसलेले इंजेक्शन आणि हाताने सरळ करण्याचा व्यायाम एवढेच मिळालेल्यांचाही वाक सरासरी 18 टक्क्यांनी कमी झाला. बारेजच्या झऱ्याचे आणि आपल्या तेलवाल्याकडच्या ‘समाधानी ग्राहकां’चे कोडे या दुसऱ्या आकड्यात बरेचसे सुटते. औषधाची बाजूही फुगवून सांगू नये: 50 अंशांचा वाक त्याने साधारण 33 अंशांवर येतो, शून्यावर येत नाही, आणि क्वचित आवरण फाटण्याचा गंभीर प्रसंग ओढवतो. युरोपच्या बाजारातून ते व्यावसायिक कारणांनी मागे घेतले गेले. जखमेवरील मृत भाग काढण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे कोलॅजिनेजचे मलम ही वेगळी गोष्ट आहे, ते इथे चोळून काहीही होणार नाही. आपल्याकडे अधिक वापर होतो तो व्हेरापामिलच्या इंजेक्शनांचा, दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे सुमारे बारा. ते स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे, परंतु परिणामाची खात्री देण्याइतका पुरावा त्याच्यामागे नाही, आणि रुग्णाला हे आधी सांगितले पाहिजे असे माझे मत आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन मी देत नाही. त्याने आजूबाजूचे ऊतक पातळ होते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

शस्त्रक्रियेबद्दल आपण सर्वांत जास्त विचारले आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. आजार सुरू होऊन वर्ष झाले, दुखणे थांबले, वाक निदान तीन ते सहा महिने बदलला नाही, आणि वाकामुळे संबंध अशक्य किंवा त्रासाचा होतो, या चारही गोष्टी जमल्या की ती करावी. वाक 20-25 अंश आहे आणि संबंध नीट होतो, तर काहीही करण्याची गरज नसते. बरेच रुग्ण एवढे ऐकूनच हलके होऊन जातात. शस्त्रक्रियेच्या आधी शिश्नात औषध टोचून पूर्ण ताठरता आणतात आणि सोनोग्राफीच्या डॉपलर तपासणीने रक्तप्रवाह, वण आणि वाक पाहतात. त्या इंजेक्शनानंतर ताठरता चार तासांत उतरली नाही तर त्याच रात्री रुग्णालयात परत यायचे असते, सकाळची वाट पाहायची नसते.

शस्त्रक्रियेच्या वाटा तीन. पहिल्या वाटेत वणाला हातच लावत नाहीत, तर त्याच्या समोरच्या, लांब राहिलेल्या बाजूला टाके घालून ती आखूड करतात. शिंप्याने एका बाजूला चुण्या घेतल्या की कापड सरळ बसते, तसेच. अमेरिकी शल्यचिकित्सक रीड नेस्बिट यांनी 1965 मध्ये जन्मजात वाकासाठी मांडलेल्या पद्धतीतून ही वाट निघाली. वाक साधारण 60 अंशांच्या आत, खाच नाही आणि ताठरता चांगली, अशांसाठी हीच उत्तम. बहुतेकांचे शिश्न व्यवहारापुरते सरळ होते. किंमत लांबीत मोजावी लागते, बहुधा एक-दोन सेंटीमीटर, आणि टाक्यांच्या गाठी काही काळ हाताला लागतात. शस्त्रक्रियेनंतर नाराज झालेले जे रुग्ण माझ्याकडे आले, त्यांतील बहुतेकांचे शिश्न सरळच झाले होते. नाराजी होती ती लांबी कमी होईल हे आधी कोणी नीट समजावले नाही याची. दुसऱ्या वाटेत वण कापून मोकळा करतात आणि पडलेल्या फटीवर ठिगळ बसवतात. मोठा वाक आणि कंबरेसारखी खाच असेल तर ही वाट घ्यावी लागते. लांबी जास्त टिकते, पण शिश्नाग्राची संवेदना काही महिने मंद राहू शकते आणि काही जणांची ताठरता कायमची उणावते, म्हणून मधुमेही रुग्णाला ही वाट सुचवताना मी दोनदा विचार करतो. ठिगळासाठी पायाची शीर, प्राण्याच्या हृदयावरणाची प्रक्रिया केलेली पट्टी किंवा गालाच्या आतले अस्तर वापरतात. या शेवटच्या पर्यायात आपल्याकडची एक खास अडचण येते: वर्षानुवर्षे गुटखा आणि तंबाखू-चुना खाणाऱ्याच्या गालाचे अस्तर इतके कडक झालेले असते की ते ठिगळाच्या कामाचे उरत नाही. तोंडही नीट उघडत नसलेल्या माणसाला ‘खालच्या’ शस्त्रक्रियेसाठी गाल तपासायचा आहे असे सांगितले की तो चक्रावतो.

तिसरी वाट कृत्रिम दांड्यांच्या रोपणाची. वाकासोबत ताठरताही गेली असेल आणि गोळ्यांना दाद देत नसेल, तर नुसते सरळ करून काही साधत नाही. आत बसवलेल्या दांड्या ताठरता आणि सरळपणा दोन्ही देतात, आणि राहिलेला वाक शस्त्रक्रियेतच हाताने सरळ करतात. पंपाने फुगणाऱ्या परदेशी दांड्या महाग असतात. वाकवून ठेवता येणाऱ्या साध्या दांड्यांमध्ये मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी विकसित केलेला भारतीय बनावटीचा प्रकार पुष्कळ कमी खर्चात बसवता येतो. आपली ताठरता पत्रावरून चांगली दिसते, तेव्हा आज हा आपला विषय नाही.

आता पत्नीविषयी. आपण पाच महिने वेगळ्या खोलीत झोपता आणि कारण पाठदुखीचे सांगता. तिने त्याचा काय अर्थ लावला असेल? माझ्या अनुभवात बायकांनी लावलेले अर्थ खऱ्या आजारापेक्षा कितीतरी वाईट असतात: आपण नकोशा झालो, किंवा बाहेर दुसरे कोणी आहे. डॉक्टरांच्या खोलीत नवऱ्याचा आजार चित्र काढून समजावला की ‘एवढेच होय’ असे म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शब्द सुचत नसतील तर इतकेच सांगा की आत वण धरला आहे, त्याने दुखते, तो संसर्गाचा नाही, आणि डॉक्टरांकडे दोघांनी जायचे आहे. संबंध बंद करण्याची आवश्यकता नाही, दुखत नसेल तेव्हा ठेवता येतो. पूर्ण ताठरता नसताना प्रवेशाचा प्रयत्न करू नये आणि पत्नी वर असण्याची स्थिती सध्या टाळावी, कारण दुमडण्याचा धोका तिच्यात जास्त असतो. पाळी गेलेल्या स्त्रीला कोरडेपणा असतो आणि तिथेच अडखळून इजा होते. पाण्याचे वंगण वापरावे, आणि तिला त्रास होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ त्यावर मलम देतात. संबंधाच्या वेळी कधी ‘कट्’ असा आवाज येऊन ताठरता एकदम उतरली आणि सूज व काळेनिळेपणा आला, तर ते आवरण फाटल्याचे लक्षण आहे आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. लाजेपायी रात्र काढलेल्यांचा पुढचा वाक सरळ करणे फार कठीण जाते.

कोणाकडे जावे? पाटीवर ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ असे लिहिलेल्याकडे नाही, तर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. यूरॉलॉजी झालेल्या मूत्ररोगतज्ज्ञाकडे, आणि पेरोनीच्या शस्त्रक्रिया स्वतः करतात का, असे त्यांना सरळ विचारा. प्रत्येक मूत्ररोगतज्ज्ञ त्या करतोच असे नाही, आणि चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबईतील केईएम, सायन आणि नायर किंवा गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे हा विभाग आहे. केसपेपर काढताना खिडकीवर तक्रार सांगायला संकोच वाटतो. तिथे ‘लघवीच्या जागेची तक्रार’ एवढे म्हटले की पुरते. आपली वही, साखरेचे मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाने आणि तो तळहात, एवढे सोबत न्या. तळहात आपण होऊन दाखवा, कारण घाईत तो पाहायचा राहून जातो.

राहता राहिली सायकल. ती या आजाराचे सिद्ध झालेले कारण नाही आणि मधुमेहासाठी आपल्याला तिचा फायदाच आहे, तेव्हा ती बंद करू नका. सीटवर बसून जांघेत मुंग्या येत असतील तर सीटचे टोक किंचित खाली करून घ्या, मध्ये खाच असलेली रुंद सीट मिळाली तर ती बसवा, आणि लांब पल्ल्याला दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ पायडलवर उभे राहा.